अर्ध्या तासाची बारी

गुरुवारी साडेपाचला लॅब सुटते
आणि मस्कतचा आठवडा तिथेच आटोपतो.
आईला हे दोन वर्षं झाली तरी पटत नाही.
"शुक्रवारनी सुट्टी? मंग रविवारले काय करतस?"
रविवारी कॉलेज, आई.
इथला रविवार म्हणजे आपला सोमवार.

चौघांत मिळून एक भाड्याची यारिस.
स्टिअरिंगवर रेन्सी, जन्म रूवीचा,
केरळ तिला फक्त उन्हाळ्यापुरतं ठाऊक.
मागे झांझिबारचा जुमा, गुडघे हनुवटीला टेकवून,
आणि मुत्रहची हफ्सा,
जिच्या घरच्या बोलीत पाण्याला पाणीच म्हणतात.
हे कळलं त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण.

बेत होता घळीतल्या हिरव्या डोहात पोहायचा.
रेन्सीच्या फोनमध्ये त्याचा फोटो होता,
आम्ही तो वाटेत सतरा वेळा पाहिला.

उजाडताना निझवाचा बकऱ्यांचा बाजार.
मालक बकरी धरून गोल फिरतात,
माणसं कडेला उकिडवी, डोळे दातांवर, कासेवर.
जुमाने माशी हाकलायला हात वर केला
आणि सत्तर रियालची बोली त्याच्या नावावर लागली.
हफ्साने सोडवलं त्याला. बकरीला वाईट वाटलं असावं.

मग डांबर संपलं.
मग खडी संपली.
मग कोरड्या वादीच्या गोट्यांत
पुढचं डावं चाक असं रुतलं की
आम्ही चौघं चार भाषांत गप्प बसलो.

दीड तासाने पिकअप आली. आत सैफबाबा,
दोरखंड, थर्मास, आणि आमच्याविषयी वाईट मत.
जुमाशी स्वाहिलीत बोलले, कारण बालपण तिकडचं.
हफ्साला अरबीत रागावले.
मला म्हणाले, कुठल्याशा दुकानात शिकलेल्या हिंदीत,
"तुम क्या पढ़ता?"
पाणी, मी म्हटलं. समुद्राचं गोडं करतात ते.
ते हसले. "मेरा पानी देखो."

खजुरांच्या बागेतून हातभर रुंद फलज.
डोंगरातून आलेलं, कुणाच्याही मोटरीशिवाय.
आधी पिण्याचं, मग मशिदीचं, मग धुण्याचं, मग झाडांचं,
आणि प्रत्येक झाडाच्या मालकाची ठरलेली वेळ.
दिवसा काठीची सावली, रात्री तारे,
आता नातवाने दिलेला मोबाइल,
पण सावली बघितल्याशिवाय त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही.

मी वाकून बसले. पाय आपोआप पाण्यात.
पांझरेच्या फडावर आप्पा पाटकरी होते.
बारी कुणाची, किती, कुणी चोरून बारं फोडलं,
सगळं डोक्यात, वहीत काहीच नाही.
"केशवना वावरले तीन बिड्यांइतकं पाणी."
तिसरी बिडी विझली की फावडं पडायचं,
केशव कितीही ओरडो.
मी हे सांगितलं. हफ्साने अरबीत केलं.
बाबांनी बिडी म्हणजे काय ते दोनदा विचारलं,
मग बराच वेळ मान हलवत राहिले.

"खोल," म्हणाले.
दगडाला गुंडाळलेली चिंधी, त्यावर गच्च गोणपाट.
मी उपसलं. पाणी वळलं, थोडं अडखळून,
जसं घरात नवं माणूस उंबऱ्याशी अडखळतं.
हा अर्धा तास कुणाचा?
कुणाचाच नाही. एका बाईने मरताना
वाटसरूंसाठी ठेवलेला, एका झाडापुरता.
मघाशी खाल्लेला खजूर त्याच झाडाचा होता
हे आम्हाला शेवटच्या बीनंतर कळलं.

बंद करायला मला उशीर झाला.
अर्धं मिनिट असेल.
बाबा ओरडले ते अगदी आप्पांसारखे,
शब्द कळले नाहीत, अर्थ नेमका.

डोह राहिलाच.
शनिवारी गाडीवाल्याने बंपरचे बारा रियाल कापले,
तीन-तीन वाटून दिले.
बाल्कनीत माझ्या चपला वाळत होत्या, चिखल खाजगी.

रविवारी आठ वाजता क्विझ.
प्रश्न पहिला: प्रवाहाचा दर काढा.
मी लिहिलं, तीन बिड्या.
मग खोडलं.
खोडलेलं वाचता येईल इतपतच.